खलफानची बंदूक आणि खैरुद्दीनचं दार

खैरुद्दीनने बांधलेल्या होडीत पाणी शिरलं, असं कुणी म्हणालं असतं तर शारजाच्या खाडीवर त्याला लोकांनी वेड्यात काढलं असतं. बाणकोट खाडीच्या काठचा हा सुतार. बाप होड्या बांधायचा, आजा होड्या बांधायचा, आणि हा शारजाला येऊन अरबांच्या होड्या बांधायला लागला, एवढाच काय तो फरक. फळीला फळी अशी भिडवायचा की मधून केस जाणार नाही. त्यातूनही सांध राहिलीच तर मुशी माशाच्या तेलात भिजवलेला कापूस ठोकून ठोकून भरायचा. मग होडी पाण्यात उतरली की लाकूड फुगायचं, फळ्या एकमेकींना आवळून धरायच्या, आणि आत बसणारा कोरडाठाक. कुणी वाखाणलं तर म्हणायचा, "मी काय केलं? लाकूड फुगलं."

आता हे होडीला ठीक. पण या बाबाने घराचं दारसुद्धा तसंच केलं, त्याला काय म्हणावं?

घर म्हणजे खलफान नावाच्या म्हाताऱ्या अरबाच्या जावयाच्या अंगणातली एक खोली, समुद्रातल्या दगडाची आणि चुन्याची. बाजूला खजुरीच्या झावळ्यांचा आडोसा, त्यात चूल. बायकोला, ताजबीला, त्याने मुंबईहून आगबोटीने इथे आणलं तेव्हा खोलीला दार म्हणून नुसती एक चटई होती. पहिल्याच उन्हाळ्यात ताजबीला दिवस गेले, आणि उन्हाळा संपायच्या आत पोटातलं गेलं. खलफानची बायको शम्मा तिच्या उशाशी बसून राहिली, तिला पेज भरवली, तिचे केस विंचरले. दोघींना एकमेकींची भाषा धड येत नव्हती, पण त्यावाचून काही अडलं नाही. खैरुद्दीन मात्र त्या दिवसांत चटईबाहेर उकिडवा बसून असायचा. वाळू उडून आत जायची, ताजबीच्या अंगावर, पांघरुणावर बसायची, आणि याला काहीच करता यायचं नाही. ती बरी झाल्यावर त्याने पहिलं काम काय केलं असेल, तर होडीच्या उरलेल्या सागवानाचं दार केलं. असं घट्ट, की तुफान सुटलं तरी वाळूचा कण आत यायचा नाही. माणूस प्रेमानेच करत होता हो सगळं.

पण शारजाची हवा काही त्याच्या मनाप्रमाणे वाहणार नव्हती. उन्हाळ्यात हवा अशी दमट व्हायची की भिंती घामेजायच्या. दार फुगायचं आणि चौकटीत रुतून बसायचं. ताजबी आतून ढकलायची, खांदा लावायची, शेवटी लाथ घालायची.

"अहो, हे दार आहे की गलबताचं पोट?" ती ओरडायची.

"वाळू येते का आत?"

"वाळू नाही येत. मीही बाहेर येत नाही!"

खैरुद्दीन हसायचा आणि बाहेरून हिसका देऊन ओढायचा. दार जरा घासून सैल करायला त्याला अर्धा तास लागला नसता, पण तो करायचा नाही. आज करतो, उद्या करतो. खरं कारण त्याचं त्यालाही ठाऊक नव्हतं.

तसंच दुसरं एक प्रकरण चाललं होतं. गावाहून गलबत घेऊन आलेल्या एका तांडेलाने निरोप आणला होता की ताजबीची आई थकली आहे, लेकीला एकदा डोळे भरून बघायचं म्हणते. ताजबीने विचारलं, "जाऊ का मी थोडे दिवस?" आणि खैरुद्दीन म्हणाला, "पुढच्या साली जाऊ की. दोघं मिळून." ती उठून चुलीकडे गेली. हा असा गडी की आपल्या मनातलं बोलायचं म्हटलं की जिभेला कुलूप. त्याला भीती वाटत होती. इथे काय होतं तिला? ऊन, खारं पाणी, आणि हातातून गेलेलं मूल. आईच्या कुशीत गेल्यावर ती म्हणाली, आता नाही येत मी, तर? ती बाणकोटच्या खाडीत माडांखाली बसली आहे आणि आपण इथे एकटे, या नुसत्या विचाराने तो रात्रीचा उठून बसायचा. म्हणून पुढच्या साली.

तर असं चाललं असताना खलफानच्या बंदुकीचं निघालं.

खलफान म्हणजे शम्माचा नवरा. उभं आयुष्य धैदला काढलेलं, वाळवंटात आत, खजुरीच्या बागेत. म्हातारपणी गुडघे बोलायला लागले तसा लेकीकडे शारजाला येऊन राहिला. येताना बरोबर काय आणलं, तर एक उंटाचं खोगीर आणि बापाची बंदूक. जुनी थ्री नॉट थ्री. तुफग म्हणायचा तो तिला. खोलीत खुंटीला टांगलेली असायची, आणि म्हातारा दररोज तिच्यावरची धूळ अशी पुसायचा की जणू एखाद्या नातवाचं तोंड पुसतोय.

त्यांच्या घराण्यात एक रीत होती. घरातली मुलगी लग्न होऊन निघाली की घरातल्या वडीलधाऱ्या पुरुषाने वऱ्हाडासमोर निशाण मारायचं. लांब वाळूच्या टेकाडावर उंटाच्या खांद्याचं पांढरं हाड उभं करायचे, आणि तीन गोळ्या. तिन्ही त्या हाडाला लागल्या पाहिजेत. मुलीच्या पाठीशी माणसं उभी आहेत, हे नवऱ्याकडच्यांना दाखवायचं, एवढाच त्याचा अर्थ. खलफानने बहिणींच्या लग्नात हाड फोडलं होतं, लेकींच्या लग्नात फोडलं होतं. आता नात निघाली होती, मोझा.

पण गेल्या ईदला असं झालं की खलफान सहज निशाण मारायला उभा राहिला आणि चुकला. पहिली गोळी लागली, दुसरी डावीकडे गेली, तिसरी कुठे गेली ते अल्ला जाणे. बहिणीचा मुलगा सुहैल तिथेच उभा होता. चांगला पोरगा, पण तरुण. मोठ्याने म्हणाला, "मामू, आता राहू दे. डोळे थकले तुझे. बंदूक मला दे." सगळे हसले. प्रेमानेच हसले असतील, पण खलफानने बंदूक उचलली आणि घरी आला, तो आजतागायत त्या माणसांत बसायला गेला नाही.

ही सगळी हकिकत शम्माने ताजबीला सांगितली, अर्धी अरबीत अर्धी हातवाऱ्यांनी, आणि ताजबीने खैरुद्दीनला.

"नीट जेवत नाही म्हणे म्हातारा," ताजबी म्हणाली. "मोझाच्या लग्नात चुकलो तर सुहैल सगळ्यांसमोर हातातून बंदूक काढून घेईल, आणि बापाची बंदूक हातातून काढून घेतलेला माणूस म्हणून मी मरेन, असं रडला काल शम्मापाशी. एवढा मोठा माणूस हो. तुम्ही काहीतरी करा ना."

"मी? मी सुतार आहे बाई, डोळ्यांचा डाक्टर नव्हे."

"मला काय ते ठाऊक नाही. त्या बाईने माझं केलं ते विसरलात?"

खैरुद्दीन विसरला नव्हता. विसरेल कसा?

दुसऱ्या दिवशी तो खलफानला जबरदस्तीने खाडीवर घेऊन गेला. नव्या होडीचं पोट बघायला चल म्हणाला. दोघं वाळूत बसले, खलफानने थर्मासातली कॉफी ओतली. लांब समुद्रावर एक शीड दिसायला लागलं. खैरुद्दीनला तो नुसता पांढरा ठिपका होता.

"ही खोरफक्कान बंदरातली होडी," खलफान म्हणाला. "शिडाला वरच्या कोपऱ्यात ठिगळ आहे. नवं लावलेलं."

होडी जवळ यायला कितीतरी वेळ गेला. आली तेव्हा शिडाच्या वरच्या कोपऱ्यात ठिगळ होतं. नवं.

खैरुद्दीनच्या हातातला कॉफीचा पेला तसाच राहिला. "खलफानचाचा," तो म्हणाला, "तुमचे डोळे थकले म्हणून कोण म्हणतो? त्याचे आधी तपासा. बंदूक आणा माझ्याकडे. डोळ्यात खोट नाही, मग लाकडात असणार."

"लाकडात?"

"इतकी वर्षं ते लाकूड धैदला कोरड्या हवेत राहिलं. आता शारजाला आलंय. इथली हवा प्यालंय ते."

हे त्याचं म्हणणं शंभर टक्के बरोबर होतं. खोट लाकडातच होती. इथवर खैरुद्दीनची अक्कल बरोबर चालली, पुढे शेण खाल्लं त्याने.

बंदूक घरी आणली. स्क्रू काढले, नळी लाकडापासून सोडवली. लोखंडी नळी लाकडाच्या एका लांब पन्हळीत निजलेली असते. मागे जिथे काडतूस बसतं तो भाग जाड, आणि तिथून पुढे टोकापर्यंत नळी. लाकूड फुगून वाकडं झालं होतं. एका ठिकाणी नळीला रेटून बसलेलं, दुसऱ्या ठिकाणी फट. फट! होडीच्या सुताराला फट दिसली की त्याचं डोकं चालायचं बंद होतं, फक्त हात चालतात. त्याने रेटलेला भाग तासला, आणि बाकी सगळी पन्हळ सागाच्या पातळ चिपा लावून, डिंक आणि भुसा भरून नळीला अशी भिडवली, की ताजबीने विचारलं, "आता हिला बाहेर कशी काढणार?"

"काढायची कशाला? केस जाणार नाही मधून!" खैरुद्दीन मिशीत हसला. स्वारी भलतीच खूश होती.

खलफानला घेऊन तो शहराबाहेर उघड्या माळावर गेला. दगडाचं निशाण केलं. खलफान पालथा झोपला, गाल लाकडाला टेकवला, आणि पहिली गोळी दगडाच्या मध्यावर लागली. खैरुद्दीन टाळी वाजवणार इतक्यात दुसरी गेली डाव्या कडेला. तिसरी दगडाला शिवलीसुद्धा नाही. चौथीने तर त्याहून लांबची वाळू उडवली. ईदपेक्षाही वाईट.

खलफान उठून बसला. कपड्यांची वाळू झटकली. रागावला असता तर बरं झालं असतं हो. पण तो हसला, आणि खैरुद्दीनच्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणाला, "खलास, उस्ताद. तू मेहनत घेतलीस. तुझ्या हातात खोट नाही. माझाच डोळा."

खैरुद्दीनला मेल्याहून मेल्यासारखं झालं. म्हाताऱ्याच्या मनात थोडी शंका तरी होती की आपला डोळा शाबूत असेल. ती थोडी आशा आपण आपल्या हातांनी काढून घेतली. आणि खोट कुठे आहे ते कळत नव्हतं. फट राहिली नव्हती कुठे. मग?

परतताना त्याने बंदूक मागून घेतली. "लग्नापर्यंत माझ्याकडे राहू द्या. साफ करून देतो," म्हणाला. खलफानने दिली. कशाला हवी, असं तोंड करून दिली, ते खैरुद्दीनला जास्त लागलं.

घरी आला तर दार बंद, आणि आतून ताजबीचा आवाज. "आलात? तेवढं उघडा. दुपारपासून आत आहे मी. शम्माने हाक मारली लग्नाचे कपडे शिवायला, तिनेही बाहेरून ओढून बघितलं, दार हललं नाही. हाका मारून मारून घसा बसला माझा."

खैरुद्दीनने कडी धरून ओढली. दार हलेना. पुन्हा ओढली. त्याने ओढलं आणि तिने ढकललं तेव्हा ते कर्रकन उघडलं आणि ताजबी जवळजवळ त्याच्या अंगावर आली. घामाने निथळत होती. आणि मग ती भडकली. आतापर्यंत थट्टेवारी नेत होती, त्या दिवशी खरोखर भडकली.

"तुम्हाला होडी आणि घर यात काही फरक कळतो का हो? वाळू आली तर आली, मी झाडून काढीन! वाळू झाडायला मला हात आहेत. बिजागरीपाशी घट्ट असू दे की दार, कोण नको म्हणतंय? पण पुढे चौकटीत त्याला हलायला जागा नको? चौफेर आवळून धरलंत तर दाराने करायचं काय, आणि आतल्या माणसाने करायचं काय?"

एवढं बोलून ती रडायला लागली. खैरुद्दीन खांद्यावर बंदूक घेऊन तसाच उभा. त्याने एकदा बिजागरीकडे बघितलं, एकदा दाराच्या मोकळ्या कडेकडे, मग खांद्यावरच्या बंदुकीकडे.

"या अल्ला," तो म्हणाला. "नळी तापते."

"काय?"

"गोळी सुटली की नळी तापते, ताजबी! थरथरते. तिला हलायला जागाच ठेवली नाही मी. पहिली गोळी थंड नळीची, म्हणून नीट जाते. पुढच्या गोळीला नळी लाकडावर रेलते आणि लाकूड तिला ढकलतं. मुळाशी घट्ट हवी. पुढे मोकळी!"

ताजबी डोळे पुसत त्याच्याकडे बघत राहिली. आपण रडतोय कशासाठी आणि हा नाचतोय कशासाठी, याचा तिला मेळ लागेना. पण तिला हसू आलं. "मूर्ख माणूस," ती म्हणाली, आणि चहा टाकायला गेली.

मग जे काम सुरू झालं ते खैरुद्दीनने आयुष्यात कधी केलं नव्हतं. हात सांधी बुजवायला शिकलेले, ते आता सांध कोरायला बसले. लावलेल्या सगळ्या चिपा त्याने पटाशीने उखडून टाकल्या. मागचा जाड भाग जिथे बसतो तिथे मात्र सागाची एकच कडक पाचर नीट मापाने बसवली. नळी तिथे हलता कामा नये, कुरकुरता कामा नये. मग पुढची पन्हळ. लाकूड कुठे लागतंय ते दिसायला काहीतरी काळं हवं होतं.

"तुझं काजळ दे."

"माझं काजळ? बंदुकीला?"

"तुझ्याहून देखणी नाही ती, घाबरू नको."

ताजबीने डबी दिली. तेलात कालवलेलं काजळ त्याने नळीच्या पोटाला बोटाने पातळ फासलं, नळी पन्हळीत बसवली, उचलली. लाकडावर जिथे काळा डाग, तिथे लागतंय. तो डाग गोल पटाशीने खरवडायचा, फुटक्या काचेने गुळगुळीत करायचा, पुन्हा काजळ, पुन्हा बसवायची, पुन्हा उचलायची. प्रत्येक वेळी त्याचा हात थांबायचा. एवढी जागा सोडायची? लोक म्हणतील, सुताराने कसलं ढिलं काम केलं. ताजबी शेजारी बसून भाजी निवडत असायची आणि त्याचा हात थांबला की म्हणायची, "वाळू आली तर झाडतील ते. खरवडा."

नळीवर झाकणासारखं बसणारं वरचं लाकूडही त्याने तसंच मोकळं केलं, नळी आणि लाकूड एकत्र धरणारी पुढची लोखंडी कडी आतून कानशीने घासली. शेवटी चहाच्या पुड्याचा कागद नळीच्या आणि लाकडाच्या मधून टोकापासून मागपर्यंत सरसर गेला, कुठे अडला नाही. तेव्हा ताजबीनेच तो हातात घेतला आणि पुन्हा एकदा फिरवून बघितला. मग लाकडाला आतबाहेर मुशीचं तेल पाजलं, वाळवलं, पुन्हा पाजलं, म्हणजे हवेतलं पाणी आत शिरायला नको. खोलीत असा वास सुटला की दोघांना अंगणात निजावं लागलं.

बंदूक घेऊन तो खलफानकडे गेला. "चला चाचा, एकदा माळावर मारून बघू."

"नको," खलफान म्हणाला.

"एकच डाव."

"नको, उस्ताद. बघितलं तर कळेल. लग्नापर्यंत मला न कळलेलं बरं."

आता झाली का पंचाईत! बंदूक खरोखर सुधारली आहे की आपण दुसरा घोटाळा करून ठेवलाय, हे कळायला मार्ग नव्हता. लग्नाच्या दिवसापर्यंत खैरुद्दीनचा जीव टांगणीला. ताजबीला म्हणायचा, "पाचर सैल नसेल ना बसली?" ती म्हणायची, "मला विचारताय?"

लग्नाच्या दिवशी दुपार कलल्यावरची असरची नमाज झाली आणि माणसं गावाबाहेर टेकाडासमोर जमली. एका अंगाला बायका, बुरख्यांच्या आडून बघणाऱ्या. त्यांच्यात ताजबी होती, शम्माचा हात धरून. टेकाडावर पांढरं हाड उन्हात चमकत होतं. नवऱ्याकडची माणसं रांगेत उभी राहिली. खलफान पुढे आला. धुतलेला पायघोळ कंदूरा, कमरेला पट्टा, आणि चेहरा असा की खैरुद्दीनला त्याच्याकडे बघवेना. सुहैल त्याच्या मागे दोन पावलांवर उभा होता, हात मोकळे सोडून. घ्यायला तयार.

खलफान गुडघ्यावर बसला. बिस्मिल्ला म्हटलं. पहिली गोळी, आणि हाडाचा वरचा तुकडा उडाला. लोक ओरडले. खैरुद्दीन ओरडला नाही. पहिलीला काही अर्थ नव्हता, पहिली नेहमीच लागायची. त्याला एकच दिसत होतं, ती काळी नळी आणि तिच्याखालची कागदाएवढी जागा, जी त्याने आपल्या हाताने सोडली होती.

खलफानने खटका ओढला. दुसरी गोळी. हाड मधोमध फुटलं.

म्हाताऱ्याने मान वर केली. त्याने समोर बघितलं नाही, वळून खैरुद्दीनकडे बघितलं. खैरुद्दीनला हुंदका आला, सगळ्यांसमोर. त्याने तोंडावर हात ठेवला. तिसरी गोळी सुटली तेव्हा खलफानचा हात असा निवांत होता, जणू घरी बसून खजूर निवडतोय. हाडाचा उरलेला तुकडा वाळूत आडवा झाला, आणि बायकांच्या बाजूने जी किलकारी उठली तिच्यात एक आवाज बाणकोटचा होता, हे खैरुद्दीनने ओळखलं.

सगळे खलफानला मिठ्या मारायला धावले. त्याने हात वर करून त्यांना थांबवलं. बंदुकीतून रिकामं काडतूस काढलं, नळी कंदूऱ्याच्या बाहीने पुसली, जशी रोज पुसायचा तशी. मग म्हणाला, "सुहैल, इकडे ये."

सुहैल खाली मान घालून आला. "मामू, मला माफ कर. मी बोललो ते—"

"हात पुढे कर." आणि खलफानने बंदूक त्याच्या दोन्ही हातांवर ठेवली. "पुढची मुलगी निघेल तेव्हा तू मार. माझ्या बापाने मला दिली तेव्हा त्याचाही नेम शाबूत होता."

"पण मामू, तुझा डोळा तर..."

"म्हणून तर देतोय," खलफान म्हणाला. "काढून घेतली असतीस तर मेलो असतो मी. ही मी माझ्या हाताने देतोय. यल्ला, घे."

त्याचे डोळे वाहत होते आणि तो हसत होता. दोन्ही हात रिकामे, तरी किती मोठा दिसत होता म्हातारा! खैरुद्दीन त्याच्याकडे बघतच राहिला. आपण समजत होतो की याला बंदूक धरून ठेवायची आहे. याला तर ती द्यायची होती, फक्त आपल्या हाताने. खलफान जवळ आला आणि खैरुद्दीनच्या कपाळाचं चुंबन घेतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी खैरुद्दीन कामावर गेला नाही. त्याने दार बिजागरीवरून उतरवलं, अंगणात आडवं घातलं आणि रंधा मारायला बसला. ताजबी मेंदीच्या हातांनी चहा घेऊन आली आणि बाजूला बसली. सागाच्या कुरळ्या चिपा तिच्या पायांवर पडत होत्या.

"तुझ्या आईकडे जाऊन ये," तो रंधा न थांबवता म्हणाला. "बाणकोटचे लोक येत्या आगबोटीने निघालेत, त्यांच्या सोबतीने जा. तुला हवे तेवढे दिवस राहा."

ताजबीने चहा खाली ठेवला. मग हळूच म्हणाली, "पुढच्या साली म्हणत होतात ना?"

"मला भीती वाटत होती." रंधा थांबला. "तू परत नाही आलीस तर, अशी. इथे मी तुला काय दिलं, ताजबी? तुझं मूलसुद्धा..."

ताजबीने मेंदीचा हात त्याच्या खांद्यावर ठेवला. "एवढं पोटात घेऊन बसला होतात? वेडे कुठले. आधी बोलायचं नाही का?" ती म्हणाली. परत येईन असं मात्र काही म्हणाली नाही, आणि त्यानेही विचारलं नाही.

ती गेली. दार आता बोटाने ओढलं तरी उघडायचं, आणि खालच्या फटीतून रोज वाळू आत यायची. उंबऱ्यापाशी तिचा एक छोटा बांध व्हायचा. खैरुद्दीन संध्याकाळी कामावरून यायचा आणि आधी ती झाडायचा, मग चूल पेटवायचा. उन्हाळा सरला. हवा पालटली. खाडीवर येणाऱ्याजाणाऱ्या तांडेलांना तो विचारायचा, बाणकोटचं काही कळलं का? सासूबाई बऱ्या आहेत एवढंच कळायचं. ताजबीचा स्वतःचा निरोप नाही. खलफान रोज कॉफी घेऊन यायचा, शेजारी बसायचा, आणि त्याबद्दल एक अक्षर काढायचा नाही. दार पुन्हा घट्ट करायचं त्याच्या कधी मनात आलं नाही असं नाही. पण केलं नाही त्याने.

मग एके दिवशी दिवसभर वारा सुटला होता. खाडीवर डोळे उघडता येत नव्हते. आज ढीगभर वाळू आली असणार, असं पुटपुटत खैरुद्दीन घरी आला, दाराला बोट लावलं आणि कोपऱ्यातली केरसुणी घ्यायला वाकला. केरसुणी तिथे नव्हती. उंबऱ्याकडे बघितलं, तर उंबरा झाडलेला होता.